लेन्सवरचा आकडा आणि हॉलची लांबी

कामोठ्यातल्या वन बीएचके घराचा हॉल टेपनं मोजला तर साधारण दहा फूट रुंद आणि फार तर पंधरा फूट लांब भरतो. सोफा, टीव्हीचं युनिट आणि भिंतीला टेकवलेला दिवाण वजा केला की फोटो काढणाऱ्याला मागे सरकायला दहाच फूट उरतात, म्हणजे तीन मीटर. याच हॉलमध्ये बाळाचा पहिला वाढदिवस होतो आणि त्याच्या आठवडाभर आधी बाबांच्या कॅमेऱ्यावर नवीकोरी ‘फिफ्टी एमएम’ चढते. मागचं सगळं छान ब्लर होतं, असं दुकानात सांगितलेलं असतं. तसं होतंही. पण केक कापताना फ्रेममध्ये बाळ येतं, आई येते, काकाचा एक खांदा येतो. आजी-आजोबा, आत्या आणि मामा बाहेरच राहतात. मागे सरकावं तर पाठीला भिंत लागते. शेवटी सगळ्यांचा फोटो मोबाइलवर निघतो आणि नवी लेन्स कपाटात जाते.

मी कामोठ्यातच राहतो, हौसेनं फोटो काढतो, आणि शेजारपाजारच्या मंडळींबरोबर लेन्स पाहायला बोरा बाजारात जाणं माझ्याकडे आपोआप आलं आहे. मानसरोवर स्टेशनवरून हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला सोडते आणि तिथून फोर्टातली कॅमेऱ्यांची ही गल्ली चालत गाठता येते. त्या गल्लीत लोक पैसे कशावर घालवतात हे जवळून पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. वाईट लेन्स घेऊन फसणारे थोडे असतात. चांगलीच लेन्स, पण आपल्या कामाला न बसणारी घेऊन हळहळणारे पुष्कळ. आणि त्यातल्या बहुतेकांची गफलत एकाच आकड्यापाशी झालेली असते. तो आकडा लेन्सच्या अंगावर ठसठशीत छापलेला असतो: १८-५५, ५०, ८५, ५५-२५०, १५०-६००. पुढे ‘एमएम’. ही फोकल लेंथ.

वाढदिवसाच्या हॉलचं गणित आधी करून टाकू, कारण ते अवघड नाही. समोरची किती रुंदी फ्रेममध्ये मावेल हे काढायचं तर अंतराला सेन्सरच्या रुंदीनं गुणायचं आणि फोकल लेंथनं भागायचं. घरोघरी असणाऱ्या निकॉन किंवा सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असतो. तीन मीटरवरून ५० मिलिमीटरच्या लेन्सला १.४ मीटर रुंदी दिसते. खांद्याला खांदा लावून तीन माणसं कशीबशी उभी राहतील, एवढीच. त्याच जागेवरून ३५ मिलिमीटरला दोन मीटर, २४ ला २.९ मीटर आणि कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेल्या किट लेन्सच्या १८ ला ३.९ मीटर. म्हणजे आजी-आजोबांना फ्रेममध्ये आणणारी लेन्स घरात आधीपासूनच होती.

याचा अर्थ ‘फिफ्टी’ वाईट, असा मुळीच नाही. बाळाला खिडकीपाशी बसवून दोन मीटरवरून त्याचा एकट्याचा फोटो घ्यायला याहून चांगली आणि स्वस्त लेन्स सापडणार नाही. प्रश्न फक्त तो आकडा काय सांगतो याचा आहे.

महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानात ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ नावाचा धडा आहे. त्यातलं नाभीय अंतर ते हेच. दूरवरून येणारे समांतर किरण बहिर्वक्र भिंगातून जाऊन जिथे एकत्र येतात ती नाभी, आणि भिंगाच्या मध्यापासून तिच्यापर्यंतचं अंतर म्हणजे नाभीय अंतर. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य हातानं करून पाहिलं की कायमचं डोक्यात बसतं, आणि त्यासाठी कॅमेराही लागत नाही. जवळचं वाचायचे दोन चष्मे हवेत, एक +१ नंबरचा आणि एक +३ चा. चष्म्याचा नंबर म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त, त्यामुळे +१ ची फोकल लेंथ एक मीटर आणि +३ ची सुमारे ३३ सेंटिमीटर.

दुपारी समोरच्या इमारतीवर ऊन असताना खोलीतले दिवे बंद करावेत, एक खिडकी सोडून बाकीचे पडदे ओढावेत आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवावा. +३ चा चष्मा कागदापासून वीतदीड वीत अंतरावर धरून पुढेमागे केला की एका जागी समोरच्या इमारतीच्या खिडक्या, त्यांच्या ग्रिल, वाळत घातलेले कपडे, सगळं उलटं पण रंगीत आणि रेखीव उमटतं. आता +१ चा चष्मा घेऊन मीटरभर मागे यावं. तीच खिडकी कागदावर जवळपास तिप्पट मोठी दिसते, आणि बरीच फिकी. चष्म्याची काच दोन्ही वेळा साधारण तेवढ्याच मापाची, इमारत तीच, अंतर तेच. बदलली ती फक्त फोकल लेंथ. दूरच्या वस्तूची प्रतिमा किती मोठी पडेल हे ती ठरवते, आणि तिचं स्वतःचं काम इथे संपतं. लहान मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा. उलटी इमारत कागदावर उतरताना पाहून त्यांचे डोळे कसे मोठे होतात ते बघण्यासारखं असतं.

मोठं चित्र फिकं का पडलं, हेही इथेच उमगतं. तेवढ्याच काचेतून आलेला प्रकाश नऊपट क्षेत्रफळावर पसरला. लेन्सवर छापलेला एफ-नंबर म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास. ५० मिलिमीटर, एफ १.८ साठी २८ मिलिमीटरचं छिद्र पुरतं. ४०० मिलिमीटर, एफ २.८ साठी ते १४३ मिलिमीटर लागतं, म्हणजे पुढची काचच चौदा सेंटिमीटरहून रुंद. वन्यजीव छायाचित्रकारांच्या त्या अवाढव्य लेन्स आणि त्यांच्या लाखांतल्या किमती यांचं मूळ या एका भागाकारात आहे. म्हणून ‘४०० पण हवी, स्वस्त पण हवी, आणि संध्याकाळच्या उजेडात पण चालायला हवी’ अशी यादी घेऊन दुकानात शिरू नये. तिन्ही एकत्र मिळत नाहीत.

एक खुलासा इथे करायला हवा, कारण चिकित्सक वाचक पट्टी घेऊन बसतील. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकच भिंग नसतं, अनेक असतात, आणि छापलेली फोकल लेंथ ही त्या सगळ्यांच्या एकत्रित परिणामाची असते, तीही फोकस अनंतावर असताना. त्यामुळे लेन्सची लांबी आणि तो आकडा जुळतीलच असं नाही. डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्स बसते ते कडं सेन्सरपासून कॅननमध्ये ४४ आणि निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर दूर असतं, कारण मध्ये आरसा हलतो. मग १८ मिलिमीटरची लेन्स सेन्सरपासून १८ मिलिमीटरवर बसणार कुठे? ती उलट्या टेलिफोटोच्या रचनेनं बांधावी लागते. याउलट ३०० ची लेन्स पुष्कळदा ३०० मिलिमीटरपेक्षा आखूड असते. आणि १८-३०० सारख्या लांब पल्ल्याच्या अनेक झूम लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस केल्या की त्यांची खरी फोकल लेंथ बरीच कमी होते. ३०० वर ठेवून दीड मीटरवरचं फुलपाखरू अपेक्षेपेक्षा लहान का आलं, याचं उत्तर तिथे आहे.

आता सेन्सर. भिंगानं पाडलेल्या चित्रातला किती भाग ठेवायचा हे तो ठरवतो. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तो ३५ मिलिमीटर रुंदीच्या सिनेमाच्या फिल्मवर ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट आणि ५० मिलिमीटरची लेन्स घेऊन. ही चौकट पुढे जगभर रुळली आणि आज तिलाच आपण ‘फुल फ्रेम’ म्हणतो. तिच्यावर ५० मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४७ अंश पाहते, २४ ची ८४ अंश, २०० ची १२ आणि ६०० ची अवघी चार. सेन्सर लहान झाला की छापील फोटोच्या कडा कात्रीनं कापाव्यात तसं होतं. चित्र मोठं होत नाही, आजूबाजूचं जातं. एपीएस-सी मध्ये ही कापणी दीडपटीची, कॅननमध्ये १.६ पटीची. म्हणून ५० ची लेन्स तिथे फुल फ्रेमवरच्या ७५ किंवा ८० एवढं अरुंद पाहते.

बोरा बाजारात एपीएस-सी कॅमेऱ्याला ‘क्रॉप बॉडी’ म्हणतात आणि याबाबत दोन उलटसुलट वाक्यं हमखास कानावर पडतात. एक म्हणजे, ‘ही लेन्स क्रॉप बॉडीसाठीच बनवलेली आहे, हिच्यावरचा ५० हा खरा ५०, गुणाकार करायचा नाही.’ दुसरं, ‘फुल फ्रेमची लेन्स लावा, ती तुमच्या बॉडीवर ७५ होते, पोर्ट्रेटला बेस्ट.’ दोन्ही ऐकून गिऱ्हाईक समजतं की या दोन लेन्स दोन वेगळ्या चौकटी देतील. त्या देत नाहीत. एकाच कॅमेऱ्यावर दोन्ही ५० लावल्या तर चौकट एकच येते, कारण फोकल लेंथ लेन्सची आहे आणि कापणी सेन्सरची. दीडनं गुणायचं ते फक्त दोन वेगळ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची तुलना करताना. तेव्हा गुणायचं तर सगळ्या लेन्सना गुणावं, नाहीतर एकीलाही नाही.

मोबाइलनं या गोंधळात आणखी भर घातली आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ पाच-सात मिलिमीटरच्या आसपास असते, पण जाहिरातीत ‘२४ एमएम’ लिहितात. तो फुल फ्रेमशी तुलना करून काढलेला आकडा. गॅलरीत फोटोचा तपशील उघडला की कधी हा दिसतो, कधी तो. आणि ‘१००एक्स’ या शब्दानं तर भल्याभल्यांचा गैरसमज होतो. झूम लेन्सचा ‘एक्स’ म्हणजे तिची सगळ्यात मोठी फोकल लेंथ भागिले सगळ्यात छोटी, एवढंच. १८-५५ ही तीन एक्स. १८-३०० जवळजवळ सतरा एक्स. १५०-६०० फक्त चार एक्स. आणि तरीही दूरचा पक्षी या चार एक्सवाल्या लेन्समध्ये सतरा एक्सवालीच्या दुप्पट मोठा येतो. निकॉनचा पी १००० हा २०१८ सालचा कॅमेरा १२५ एक्सचा होता आणि त्यावर २४ ते ३००० मिलिमीटर असा पल्ला सांगितला जाई. त्याची खरी फोकल लेंथ ४.३ ते ५३९ मिलिमीटर होती. बाकीची करामत त्याच्या नखाएवढ्या सेन्सरची. तो कॅमेरा त्याच्या जागी उत्तमच, पण दुकानात ‘किती एक्स?’ हा प्रश्न विचारणं सोडावं. ‘किती एमएम आणि कुठल्या सेन्सरवर?’ असं विचारावं.

आमच्या भागात लांब लेन्सची खरी हाव सुटते ती फ्लेमिंगोंमुळे. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत नवी मुंबईच्या किनाऱ्यावर हे गुलाबी थवे असतात. मानसरोवरहून तीन-चार स्टेशनं गेलं की सीवूड्स आणि नेरुळ. तिथल्या पाणथळ जागांवर सकाळी कॅमेऱ्यांची रांग लागलेली असते. रांगेत २५० वाला मनुष्य शेजारच्या ६०० कडे बघतो आणि घरी जाऊन हप्त्यांचा हिशेब मांडतो.

त्यानं आधी भरती-ओहोटीचा हिशेब मांडावा. लहान फ्लेमिंगो ८०-९० सेंटिमीटर उंच असतो. ओहोटीला हे पक्षी खाडीतल्या उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात. भरती आली की चिखल बुडतो आणि थवे उडून आतल्या पाणथळांकडे येतात. समजा पक्षी ६० मीटरवर आहे. २५० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची सेन्सरवरची उंची साडेतीन मिलिमीटर येते आणि एपीएस-सी सेन्सर १५.६ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे फ्रेमचा पाव भागसुद्धा नाही. तोच पक्षी २५ मीटरवर आला तर साडेआठ मिलिमीटर, अर्ध्याहून जास्त फ्रेम. ६० मीटरवरून एवढाच मोठा हवा असेल तर ६०० ची लेन्स लागेल. लाखभर रुपयांचं काम भरतीचं वेळापत्रक फुकटात करून देतं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटीसुद्धा भरतीच्या वेळा पाहूनच सोडतात. मात्र अंतर कमी करायचं ते पक्ष्यांना येऊ देऊन. आपण चिखलात उतरून पुढे सरकायचं नाही. चरणारा थवा एकदा उठला की त्याची सगळी सकाळ वाया जाते.

लांब लेन्स हाती आली तरी तिच्याबरोबर नवी दुखणी येतात, ती कोणी आधी सांगत नाही. हात थरथरला तर प्रतिमेबरोबर ती थरथरही मोठी होते. जुना ठोकताळा असा की शटरचा वेग निदान एक छेद फोकल लेंथ इतका असावा, आणि एपीएस-सी वर ती दीडनं गुणून. २५० ला म्हणजे सेकंदाचा सुमारे चारशेवा भाग. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. उडत्या फ्लेमिंगोला हजाराव्या भागाच्या पुढेच जावं लागतं. टू-एक्स कन्व्हर्टर लावून ३०० ची ६०० होते खरी, पण प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो आणि एफ ५.६ ची लेन्स एफ ११ होऊन बसते. कित्येक कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस तिथे चाचपडतो. आणि ऊन चढल्यावर चिखलावरून उठणारी गरम हवा? तिच्यातून कितीही महाग लेन्समधून पाहिलं तरी पक्ष्याची कड लाटांसारखी हलतच दिसते. त्याला उपाय एकच, उजाडताना पोचणं.

फोकल लेंथविषयीचा सगळ्यात चिवट गैरसमज मात्र पक्ष्यांपाशी नाही, माणसांच्या चेहऱ्यांपाशी आहे. ‘वाइड लेन्सनं नाक मोठं येतं’ असं सगळेच म्हणतात. नाक मोठं येतं ते जवळ गेल्यामुळे. वाइड लेन्समध्ये चेहरा फ्रेमभर हवा असेल तर जवळ जावंच लागतं, म्हणून दोष लेन्सच्या माथी बसतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जरीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात यावर संशोधन आलं होतं. सेल्फीच्या बारा इंच अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद भासतं, असं त्यात दाखवलं होतं. सेल्फी पाहून नाक बदलून घ्यायला येणाऱ्या लोकांमुळे डॉक्टरांना हे मोजावंसं वाटलं. पाच फुटांवरून त्याच फोननं फोटो काढून नंतर कापला, तर नाक जागेवर येतं. पोर्ट्रेटसाठी ८५ किंवा एपीएस-सी वर ५० सुचवतात ते यासाठी की त्या लेन्स माणसाला आपोआप दीड-दोन मीटर मागे उभं करतात.

दुरून चेहरा मोठा दाखवण्याची ही ताकद मराठी माणसांनी फार लवकर ओळखली होती. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्याला आली आणि तिथल्या स्टुडिओत १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कॅमेऱ्यावर केशवराव धायबर. त्यातल्या क्रूर राजगुरूच्या डोळ्याचा, सगळा पडदा व्यापून टाकणारा क्लोजअप टेलिफोटो लेन्सनं घेतला होता, आणि भारतीय सिनेमातला या लेन्सचा पहिला वापर म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मराठी आवृत्तीत राजगुरू होते केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. साध्या लेन्सनं डोळा एवढा मोठा घ्यायचा तर अवजड कॅमेरा नटाच्या नाकाला टेकवावा लागेल, त्याची सावली चेहऱ्यावर पडेल आणि चेहऱ्याचा आकारही बिघडेल. लांब फोकल लेंथनं कॅमेरा मागे ठेवून ते साधलं. नव्वद वर्षांपूर्वीची ही समज आज कम्युनिटी हॉलमधल्या ग्रुप फोटोत दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पन्नास माणसं १८ मिलिमीटरवर कोंबली की कडेच्या बिचाऱ्यांचे चेहरे आडवे ताणले जातात. हॉलबाहेर पटांगणात यावं, दहा-बारा पावलं मागे जावं, लेन्स ३५-४० वर न्यावी आणि मग सगळ्यांना उभं करावं.

पाय आणि लेन्स यांची कामं किती वेगळी आहेत हे पाहायचं असेल तर कर्नाळ्याला चंद्रासमोर ठेवून बघावं. पनवेलच्या पुढे गोवा महामार्गाला लागलं की किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका ओळखू येतो. त्याची उंची साधारण १२५ फूट, म्हणजे ३८ मीटर. चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश जागा घेतो. किल्ल्यापासून एक किलोमीटरवर उभं राहिलं तर सुळका चंद्राच्या चौपट उंच दिसेल. चार-सव्वाचार किलोमीटरवर गेलं तर दोघं सारखे होतील. आणखी लांब गेलं तर चंद्र सुळक्याला गिळून मोठा होईल. हे प्रमाण कुठलीही लेन्स बदलू शकत नाही. ते पायांनी ठरतं. फोकल लेंथ त्या दोघांना एकत्र मोठं किंवा लहान करते. सेन्सरवरचा चंद्र ढोबळमानानं फोकल लेंथच्या एकशेदहाव्या भागाएवढा असतो, म्हणजे ५० ला अर्धा मिलिमीटरही नाही, २०० ला १.८, ५०० ला साडेचार. मोबाइलची खरी फोकल लेंथ तर पाच-सात मिलिमीटरच, म्हणून पौर्णिमेच्या रात्री त्यावर चंद्राचा नुसता ठिपका येतो. चंद्र कुठल्या दिशेला उगवेल हे नकाशावर दाखवणारी ॲप मिळतात. अशा फोटोची निम्मी तयारी घरी बसून नकाशावरच होते.

मग लेन्स घ्यावी कशी? दुकानात जाण्याआधी आपल्याला कशाचे फोटो काढायचे आणि ते किती अंतरावर असतं, एवढं कागदावर लिहावं. उंचीवरून फोकल लेंथ काढायचं गणितही वरच्यासारखंच: सेन्सरवर हवी असलेली उंची गुणिले अंतर, भागिले वस्तूची उंची. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी रंगमंचावर नाचते आणि पालकांची खुर्ची पंधरा मीटरवर आहे. सव्वा मीटर उंचीच्या मुलीनं फ्रेमचा दोन तृतीयांश भाग भरावा असं वाटत असेल तर सुमारे १२५ मिलिमीटर लागतात. ५५-२५० पुरून उरते, पण रंगमंचावरच्या उजेडात तिचा एफ ५.६ तोकडा पडतो, तेव्हा आयएसओ वाढवायची तयारी ठेवावी. मैदानाच्या सीमेवरून ६५ मीटरवरचा फलंदाज अर्ध्या फ्रेममध्ये हवा तर साधारण २९० मिलिमीटर. तिथे ७०-३०० चालते. दुकानात जाताना हे आकडे बरोबर असावेत.

दुसरी गोष्ट, आपलेच जुने फोटो चाळावेत. प्रत्येक डिजिटल फोटोच्या तपशिलात तो किती मिलिमीटरवर काढला हे नोंदलेलं असतं. वर्षभरातले आवडते फोटो उघडून ते आकडे पाहिले की सवय कळते. कुणाचे सगळे १८ वर निघतात. त्याला आणखी वाइड लेन्सची गरज आहे. कुणाचे सगळे ५५ वर अडलेले असतात. त्यानं पुढची झूम पाहावी. अगदी मधल्या ३५ च्या आसपास ज्याचे निम्मे फोटो आहेत, त्यानं ३५ ची प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंथची लेन्स, निर्धास्त घ्यावी, मग कोणी ‘फिफ्टी’चं कितीही गुणगान करो.

आणि प्राइम घेण्यापूर्वीची सगळ्यात चांगली परीक्षा तर घरातच होते. किट लेन्सच्या पोटात १८ पासून ५५ पर्यंतचे सगळे आकडे आहेत. तिची झूमची कडी ५० वर आणून कागदी चिकटपट्टीनं जखडावी आणि आठवडाभर तशीच वापरावी: हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दारातून, गच्चीवर, मार्केटमध्ये. पार्श्वभूमी प्राइमसारखी धूसर होणार नाही, अंधारात फोटोही हलतील, पण चौकट हुबेहूब तीच मिळेल. पुढच्या आठवड्यात ३५. कुठे मागे सरकावंसं वाटलं आणि कुठे पुढे, हे आपोआप समजतं. याच काळात लेन्सवर लिहिलेलं किमान फोकस अंतरही पाहून ठेवावं. ८५ च्या बऱ्याच लेन्स ८० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाहीत आणि मांडीवरच्या बाळाचा फोटो घेताना ते नडतं.

५५ च्या पुढच्या आकड्यांसाठी चिकटपट्टीचा उपयोग नाही, तिथे लेन्स भाड्यानं आणावी. शनिवारी आणून सोमवारी परत द्यायची सोय मुंबई आणि नवी मुंबईत मिळते. ओळखपत्र आणि अनामत लागते. घेताना आपला माउंट, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याचा प्रकार, नीट सांगावा, कारण कॅननचे ईएफ आणि आरएफ वेगळे आहेत, निकॉनचे एफ आणि झेड वेगळे, आणि अडॅप्टर लागणार असेल तर त्याचं भाडंही आधीच विचारावं. काउंटरवरच पुढची-मागची काच उजेडाकडे धरून पाहावी, झूम आणि फोकसच्या कड्या दोन्ही टोकांपर्यंत फिरवाव्यात, असलेले ओरखडे त्यांच्यासमोर मोबाइलवर टिपून ठेवावेत. आणि तारीख ठरवताना त्या दोन दिवसांतली भरती सकाळी आहे की दुपारी, एवढं बघून घ्यावं.